अष्टमीच्या पुलापर्यंत घोड्यावरून

२६ जानेवारी १९८९, गुरुवार. रामवाडी, पेण.

रोह्याचं व्याख्यान गाजलं. विषय 'घोड्यावरून उतरलेला महाराष्ट्र'. हा विषय मी कित्येक वर्षं मांडतोय आणि दर वेळी तो मलाच नव्याने पटतो. मराठी माणूस घोड्यावर होता तोवर अटकेपार गेला. खाली उतरला आणि एसटीच्या रांगेत उभा राहिला. या वाक्याला आजही टाळी.

आभाराच्या वेळी गालबोट लागलं. अष्टमीला पुलाच्या तोंडाशी ज्याचं किराणा दुकान आहे तो कमळाकर, व्याख्यानमालेचा खजिनदार, उभा राहिला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, तुम्ही स्वतः कधी घोड्यावर बसलात का?"

सभा हसली. अशा वेळी वक्त्याने श्वास घ्यायचा नसतो. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की १२ फेब्रुवारीला, समारोपाच्या भाषणाला, मी अष्टमीकडून कुंडलिकेचा पूल ओलांडून रोह्यात येईन तो घोड्यावरूनच. टाळ्या. कमळाकर म्हणाला, जो घोड्यावरून पूल ओलांडेल त्याचा सत्कार माझ्या खर्चाने. शाल, श्रीफळ, हार, वर ताशा. आणि नाही जमलं, तर सरांनी हा विषय आमच्या व्याख्यानमालेत पुन्हा घेऊ नये. सभा पुन्हा हसली. मी अट मान्य केली.

घरी येऊन चंद्रावतीला सांगितलं. ती पोह्याचे पापड लाटत होती. घोडा कुठाय, एवढंच विचारलं. मोठ्या कार्यात बायकांना बारीक तपशील आधी सुचतात.

२८ जानेवारी. सकाळ.

ट्रेनिंगला सुरुवात. ओळखीच्या मूर्तिकाराच्या कारखान्यात खंडोबाची मोठी ऑर्डर आहे. प्लास्टरच्या घोड्यावर बसून तोल सांभाळण्याचा सराव केला. तोल उत्तम आहे. घोड्याची शेपटी कच्ची होती.

२९ जानेवारी, रविवार.

लग्नाची घोडी भाड्याने देणाऱ्याकडे गेलो. घोडी दिसायला तेजस्वी. पण मालक म्हणाला, बँडशिवाय ती पाऊल उचलत नाही आणि मांडव दिसला की थांबते. पेण ते रोहा बँड लावून जाणं मला शोभलं नसतं. शिवाय त्याने नवरदेवाचं वय विचारलं.

३० जानेवारी.

दिवसभर वाचन. मध्य आशियात स्टेप म्हणून अफाट गवताळ मैदान आहे. तिथले भटके लोक तंबू पाठीवर घेऊन मेंढरांमागे फिरतात. मूल चालायच्या आधी घोड्यावर बसतं, पाहुण्याला घोडीचं दूध देतात, आणि हल्ली परदेशी साहेब लोक खास घोडेस्वारीच्या सुट्टीसाठी त्यांच्यात जाऊन राहतात. माझ्या मनाने तिकीटच काढलं. पासपोर्ट नाही, ही किरकोळ अडचण.

संध्याकाळी फिरायला गेलो आणि थक्क झालो. स्टेप माझ्या घरामागेच आहे! शेजारी पुंडलिकच्या कापणी झालेल्या भातशेतात धनगरांचा वाडा, म्हणजे बिऱ्हाडासकट अख्खा तळ, उतरलाय. क्षितिजापर्यंत मोकळी शेतं, पलीकडे खाडी, मधे शेकडो मेंढरं, आणि कडेला घोडे! चार घोडे! पुंडलिक म्हणाला, दरसाल फलटणकडून येतात, मेंढरं रात्री शेतात बसवतात, शेताला खत मिळतं, आम्ही त्यांना भात देतो. पाहण्यासारखं त्यात काय हाय, सर?

पुंडलिकने स्टेपबद्दल काही वाचलेलं नाही.

३१ जानेवारी.

वाड्याचे कारभारी बाबाजी यांना भेटलो. पांढरा फेटा, खांद्यावर घोंगडं, चेहऱ्यावर सेनापतीचं मौन. मी भटक्या संस्कृतीच्या श्रेष्ठत्वावर थोडं बोललो. ते शेवटपर्यंत ऐकत होते, निदान उठून गेले नाहीत. वाडा शेताशेतातून आमटेम, नागोठणे करत रोह्याकडेच जाणार आहे, आणि नेमका १२ तारखेच्या सुमारास पूल ओलांडून पलीकडच्या शेतात उतरणार आहे. याला म्हणतात नियती. मी बरोबर येतो म्हणालो. बाबाजी म्हणाले, "या की. पर चालावं लागंल."

किती हा विनय.

शाळेत रजेचा अर्ज. कारण: संशोधन. दहावीचा पोर्शन अपुरा आहे हे मी प्रामाणिकपणे सांगितलं. हेडमास्तर म्हणाले, मग तर तुम्ही नक्की जा.

चंद्रावतीने पिशवीत पापड, अमृतांजन आणि मफलर भरलं. मी गमबूट घेतले. रायडिंग बूट म्हणून ते चालून जातील.

१ फेब्रुवारी.

वाड्यात दाखल. माझा घोडा कोणता, असं बाबाजींना विचारलं. ते म्हणाले, घोडी बायकांकडं. मला आनंद झाला. ज्या समाजात अश्वदल स्त्रियांच्या हाती, तो समाज किती पुढारलेला!

अश्वदलाच्या प्रमुख हौसाबाई. बाबाजींच्या पत्नी. ठेंगण्या, दंडावर गोंदण, आवाज माझ्या तोडीचा. मला त्यांनी वरून खाली पाहिलं आणि गमबुटांवर थांबल्या. "पावसाळा हाय व्हय मास्तर?"

मी घोडीच्या दुधाबद्दल विचारलं. सगळ्या बायका खूप वेळ हसल्या. मग शेळीच्या दुधाचा चहा मिळाला.

मनोमन एक पांढरी घोडी निवडली. नाव ठेवलं विद्युल्लता. हौसाबाई तिला भवानी म्हणतात.

२ फेब्रुवारी. दुपार.

पहिला प्रवास. भल्या पहाटे पुरुष मेंढरं घेऊन पुढे गेले. पायी! सगळे पायी! बाबाजीसुद्धा!

मी घोड्यांजवळ उभा राहिलो. बायकांनी विद्युल्लतेवर आधी घोंगड्या टाकल्या, मग ताडपत्री, जातं, हंडे, तवे, पिठाची गोणी, मेंढरांभोवती लावायचं जाळं. त्यावर दोन कोकरं पोत्यात, फक्त डोकी बाहेर. सगळ्यात वर कोंबड्यांची पाटी. मी म्हणालो, मी कुठे बसू?

हौसाबाईंनी दोर आवळत सांगितलं, "ज्याला पाय हायत त्यानं चालायचं. घोडं बिऱ्हाडाला."

मग घोड्यावर कधी कोणी बसतच नाही का? बसतं की, म्हणाल्या. नुकतं जन्मलेलं कोकरू. आजारी माणूस. बाळंतीण. आणि कोंबड्या, कारण त्यांना सोडलं तर त्या लोकांच्या घरात शिरतात.

स्टेपवरच्या ग्रंथांत हा नियम नाही. पण प्रत्येक सैन्याची आपली शिस्त असते. नवख्याने पहिल्याच दिवशी स्वार होणं योग्यही नव्हतं. उद्या.

३ फेब्रुवारी.

उद्या.

४ फेब्रुवारी. आमटेमजवळ.

गमबुटात पाय शिजतो. टाचेला फोड. खऱ्या घोडेस्वाराची मांडी सोलते, माझी टाच सोलली. शेवटी कातडी तीच.

आज हायवेवरून गेलो. ट्रकच्या हॉर्नने पाटीतली एक कोंबडी उडाली आणि मी ती झेलली. मोठी तपकिरी आहे, चोच तिखट. हौसाबाई म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. आता रोज तिला मी धरतो. याला मी तांत्रिकदृष्ट्या अश्वदलातली नेमणूक समजतो.

हौसाबाईंची सून सरू बरोबर चालते. दिवस भरत आलेत तिचे, तरी डोक्यावर पाटी आणि पाऊल माझ्यापुढे. तिने विचारलं, मास्तर, तुमी घोड्यावर बसायला आलाव म्हनं, खरं हाय का? मी तिला राष्ट्रीय चारित्र्य आणि अश्वारोहण यांचा संबंध समजावला. तिने मन लावून ऐकलं. मग म्हणाली, कोंबडीची मान आवळाय लागलाय तुमी.

६ फेब्रुवारी. नागोठण्याच्या अलीकडे.

सकाळी सगळे कामात असताना विद्युल्लतेवर बसण्याचा स्वतंत्र प्रयत्न केला. ओझं उतरवलेलं होतं, घोडी मोकळी चरत होती. बांधावरून उडी घेतली. मी पोचलो तेव्हा ती तिथे नव्हती.

शेतकऱ्यांनी मात्र पाहिलं. भात घालायला आलेला एक म्हातारा कारभाऱ्यांना म्हणत होता, यो नवीन मानूस मेंढरांबरोबर बसतो का रात्री शेतात? मग त्याचंबी खत धरा.

खालच्या दर्जाचा विनोद. तरी सगळे हसले. बाबाजीही. सेनापतीने असं हसू नये.

७ फेब्रुवारी. नागोठणे.

चंद्रावती एसटीने भेटायला आली. लोणचं आणि बातमी घेऊन. कमळाकरने दुकानाबाहेर फळा लावलाय: रविवारी सकाळी सरांचे पुलावरून अश्वारूढ आगमन, सर्वांनी यावे. ताशेवाल्यांना सुपारी दिलीय. तिच्या माहेरचे लोकही पाहायला येणार आहेत.

मी तिला सांगितलं की प्रगती समाधानकारक आहे. ती माझ्या काखेतल्या कोंबडीकडे पाहत होती. म्हणाली, अजून वेळ आहे, मी जाऊन सांगते की तुम्हाला कावीळ झाली. अहो, विषय बदला, घरी चला. कोण लक्षात ठेवतंय?

कमळाकर ठेवतोय. आणि मीही. वक्त्याकडे शब्दाशिवाय दुसरं असतं काय? घोडा गेला, राज्य गेलं, आता शब्दही जायचा का? हे मी तिला उभं राहून सांगितलं. एसटी स्टँडवर पाच-सात माणसं जमली. तिने माझा मफलर नीट केला आणि गाडीत बसली.

जाण्यापूर्वी हौसाबाईंशी बराच वेळ बोलत होती. दोघी मधूनमधून माझ्याकडे पाहत होत्या.

८ फेब्रुवारी.

युक्ती! आजारी माणूस घोड्यावर बसतो. इतिहास साक्षी आहे: आजाराचं सोंग घेऊनच आग्र्याहून सुटका झाली. पहाटेपासून पोटात कळा सुरू केल्या. कण्हणंही छान जमलं. शेवटी आवाज कमावलेला आहे.

हौसाबाईंनी पोट चाचपलं. चुलीत विळा तापत ठेवला. मी विचारलं, हा कशाला? म्हणाल्या, पोटदुखीवर डाग द्यायचा. मेंढरू लगेच उठून पळतं.

मी मेंढराच्याही आधी उठलो. प्रकृती उत्तम. दुपारपर्यंत सगळ्यांच्या पुढे चालत होतो.

९ फेब्रुवारी.

संध्याकाळी समारोपाच्या भाषणाची तालीम. खडकावर उभा राहून मेंढरांपुढे पूर्ण भाषण केलं. श्रोते शांत. मधेच 'उठा, स्वार व्हा!' या वाक्याला अख्खा कळप उठला आणि शेजारच्या वालाच्या शेतात शिरला. शब्दांत ताकद आहे, हे सिद्ध झालं. वालाच्या मालकाची समजूत बाबाजींनी काढली. नंतर मला म्हणाले, मास्तर, बोलायचं आसंल तर कोंबडीपाशी बोला.

१० फेब्रुवारी. भिसे खिंड.

खिंड म्हटलं की माझं रक्त उसळतं. उतारावर मी आपोआप धावत सुटलो, काखेत कोंबडी. डावा गमबूट दगडांत अडकला, मी पुढे गेलो. घोटा टम्म फुगलाय. कोंबडीला काही झालं नाही. ती मी वर धरली होती.

हौसाबाईंनी हळद-चुना लावून फडकं बांधलं. यावेळी विळा नाही. घोटा दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "ह्यो खरा हाय."

मग त्यांनी विद्युल्लतेवरचं जातं दुसऱ्या घोड्यावर टाकलं.

मी कोंबडी दुसऱ्या काखेत घेतली.

११ फेब्रुवारी. संध्याकाळ.

बसलो! घोड्यावर बसलो!

पुढे पिठाची गोणी, मागे ताडपत्री, दोन्ही बाजूंना हंडे, मांडीवर कोकरू, काखेत तपकिरी. पाय लांब करायला जागा नसल्याने मांडी घालून बसलो, कीर्तनाला बसतात तसा. लगाम हौसाबाईंच्या हातात. वेग बैलगाडीचा. पण उंची! सगळा महाराष्ट्र खाली दिसत होता, म्हणजे भातशेतं, दोन म्हशी आणि एक सायकलवाला. सायकलवाल्याला मी हात केला. त्याने हंडे विकायचे आहेत का विचारलं.

उद्या पूल. हौसाबाईंना सांगून ठेवलंय की पुलावर लगाम मी धरणार आणि कोंबडी नको. त्या म्हणाल्या, उद्याचं उद्या.

सरू आज मागे पडत होती. तिला विचारलं, दमलीस का गो? म्हणाली, नाय, तुमी बसा.

पहिलं वाक्य ठरलं: "आज मी तुमच्यापुढे उभा नाही, स्वार आहे."

१२ फेब्रुवारी, रविवार. सकाळ. अष्टमीच्या अलीकडचं शेत.

पहाटे गडबड. पुरुषांना लांब पिटाळलं. ताडपत्रीच्या आडोशाला बायका. मी पाठ करून भाषण घोकत होतो तेवढ्यात रडण्याचा आवाज आला. सरू बाळंत झाली. मुलगी.

आवाज दणदणीत आहे. मला वाटलं, ही बोलणार.

मग लक्षात आलं.

आजारी माणूस, आणि बाळंतीण. जागा एक.

दुसरे तीन घोडे आहेत. विचारलं. दोन ओझ्याने वाकलेत, तिसरा ट्रक पाहून नाचतो, त्यावर बाळंतीण बसवत नाहीत. भवानी गरीब. हंडे-गोण्या सगळं काढून तिच्या पाठीवर बायका मऊ घोंगड्या रचत होत्या. पूल ओलांडून सरूला आधी रोह्याच्या दवाखान्यात दाखवायचं, मग पलीकडच्या शेतात.

हौसाबाई माझ्याकडे आल्या. ताशा, फळा, शाल, सगळं त्यांना ठाऊक होतं; चंद्रावतीने सांगितलंय. म्हणाल्या, "मास्तर, तुमीच सांगा."

मी स्वतःहून तिला जागा दिली.

(नंतर: 'तुमीच सांगा' म्हणेपर्यंत सरूला वर बसवून झालं होतं. पण मी विरोध केला नाही. भाषणात मी याहून कमी गोष्टींना त्याग म्हणालोय.)

१२ फेब्रुवारी. संध्याकाळ. रोहा.

सविस्तर लिहीत नाही.

पुलाच्या तोंडाशी अर्धी अष्टमी, अर्धं रोहा. घोडी वळणावर दिसताच ताशा सुरू. चंद्रावतीच्या माहेरचे लोक पुढच्या रांगेत. विद्युल्लता ताशाला बिचकली नाही. मी घोडीच्या मागे, काठी टेकत, उजव्या पायात गमबूट, डाव्यात फडकं, डोक्यावर कोंबड्यांची पाटी, कारण पाटीच्या जागी आता सरू होती. तपकिरी काखेत.

कमळाकर हार घेऊन पुढे झाला. वर पाहिलं. मग मागे पाहिलं. मला वाटलं, आता तो बोलणार, आणि मी उत्तर तयार केलं होतं. पण त्याने घोंगडीतून डोकावणारा मुलीचा चेहरा पाहिला आणि त्याचा आवाजच बदलला. कधी झाली गो, म्हणाला. आज पहाटं, सरू म्हणाली. ताशेवाल्यांना त्याने हात करून थांबवलं, पोर दचकेल म्हणून. अख्खा जमाव पूलभर गुपचूप चालला. माझ्या कुठल्याही सभेत एवढी शांतता मिळालेली नाही.

पूल संपल्यावर कमळाकर म्हणाला, शब्द म्हणजे शब्द, जो घोड्यावरून पूल ओलांडेल त्याचा सत्कार. हार भवानीला घातला. तिने तो तिथेच खाल्ला. नारळ हौसाबाईंना दिला. शाल मुलीवर पांघरली.

सगळे दवाखान्यापर्यंत गेले. मी भाषणाला गेलो. सभागृहात चंद्रावती आणि खुर्च्या उचलणारा माणूस. पाटी टेबलाखाली ठेवली. 'आज मी तुमच्यापुढे' एवढं म्हणालो. चंद्रावती म्हणाली, अहो, बसून बोला, पाय दुखत असेल.

बसलो.

१३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.

मुलगी आणि सरू दोघी छान आहेत. वाडा पुढे निघाला. निरोपाला गेलो, कोंबड्याही पोचवायच्या होत्या.

विषय गेला. अट मीच मान्य केली होती. कमळाकर म्हणतो, पुढच्या साली दुसरं काही घ्या सर, तुम्ही बोलता चांगले. बाबाजींनी मान हलवली. हौसाबाईंनी पाटीतल्या कोंबड्या मोजून घेतल्या, तपकिरी माझ्या काखेतून काढून परत माझ्याच काखेत दिली. ऱ्हाऊ द्या, म्हणाल्या, तुमची सवय झालीया तिला.

चार पावलं गेल्यावर वळल्या.

"पुढल्या साली येनार का मास्तर? कोंबड्या चांगल्या धरता."

आजवर मला बरीच प्रशस्तिपत्रं मिळाली आहेत. तोंडावर कोणी दिलेलं हे पहिलंच.

पेणला परत एसटीने. रांगेत उभा होतो. तपकिरीचं अर्धं तिकीट घ्यावं लागलं.